विश्लेषण : बैठक झाली, तडजोडही झाली, मग संसार पुन्हा तिथंच का अडकतो? रिलेशनशिप थेरपी नेमकं काय करते?

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात एखाद्या घरात नवरा-बायकोचं बिनसलं की पुढचा क्रम बहुतेकांना पाठ असतो. आधी माहेरी फोन जातो. मग मुलगी 'चार दिवस' म्हणून माहेरी येते आणि चार दिवसांचे चार महिने होतात. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं जमतात. मामा, चुलते, लग्न जमवलेले मध्यस्थ, एखादे माजी सरपंच. बैठक बसते. चहा होतो, जुन्या गोष्टी निघतात, आवाज चढतात, मग कोणीतरी 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणतं आणि मुलीला पुन्हा नांदायला पाठवायचं ठरतं.

या सगळ्यात ज्यांचा संसार आहे ती दोन माणसं बहुतेक वेळ गप्पच असतात. तो खाली मान घालून कोपऱ्यात, ती आतल्या खोलीत.

रिलेशनशिप थेरपी, म्हणजे जोडप्याचं किंवा नातेसंबंधांचं समुपदेशन, या दोन गप्प माणसांपासून सुरू होते. पुण्या-मुंबईत हा शब्द आता सवयीचा झाला आहे. गावात मात्र 'समुपदेशन' म्हटलं की समजूत घालणं, असाच अर्थ घेतला जातो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कारण समजूत घालणं आणि थेरपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बैठकीत काय सुटतं, काय राहतं?

बैठकीला नावं ठेवणं सोपं आहे, पण तिचे फायदे खरे आहेत. ती फुकट असते, गावातच असते, आठवड्याभरात बसते आणि तिच्या शब्दाला वजन असतं. सरकारनंही ही ताकद ओळखली होती. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाच्या वादापासून घरगुती भांडणापर्यंतचे तंटे गावातच मिटवायचे, हा तिचा हेतू.

पण बैठकीसमोरचा प्रश्न ठरलेला असतो : चुकलं कोणाचं आणि आता करायचं काय? दागिने कोणाकडे राहणार, वेगळी चूल मांडायची का, मुलगी सासरी कधी जाणार, हे तिला ठरवता येतं. 'ते माझ्याशी दोन वर्षं धड बोललेले नाहीत' हे वाक्य बैठकीत मांडायची सोयच नसते. चुलतसासरे समोर बसलेले असताना शरीरसंबंधातली अडचण कोण सांगणार? मूल होत नाही म्हणून नवऱ्यालाही रात्र रात्र झोप लागत नाही, हे तो कोणापुढे बोलणार?

त्यामुळे तडजोड होते आणि सहा महिन्यांनी तेच भांडण नव्या निमित्तानं परत येतं. मग दुसरी बैठक. तिसऱ्या बैठकीपर्यंत माणसं थकतात, आणि अनेकदा निर्णयच होत नाही. ना नांदणं, ना काडीमोड. आळेफाट्यावरून नाशिकच्या दिशेनं निघालं की पुढे लागणाऱ्या संगमनेरमध्ये १९८८ मध्ये अशाच, नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रियांची परित्यक्ता परिषद भरली होती. त्या चळवळीतल्या ॲड. निशा शिवूरकर यांनी पुढे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं. शहरात मोडलेला संसार घटस्फोटाच्या आकड्यात तरी दिसतो. गावात तो माहेरच्या पडवीत वर्षानुवर्षं बसून राहतो आणि कोणत्याच रकान्यात येत नाही.

थेरपिस्टच्या खोलीत नेमकं होतं काय?

एक जोडपं डोळ्यांपुढे आणू. जोडपं काल्पनिक आहे, पण ओतूर ते मंचर पट्ट्यात ते कोणाला अनोळखी वाटू नये. तो चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, तिथंच दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला गावी येतो. ती गावी, सासू-सासऱ्यांबरोबर. एक मुलगा अंगणवाडीत. दीड एकर टोमॅटो. तोडा सुरू झाला की ती पहाटेपासून रानात, आणि कॅरेट भरून नारायणगावच्या मार्केटला गेले की घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाजारभावाकडे. भाव पडला की जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही.

यांचं भांडण नेहमी एकाच गोष्टीवरून होतं : फोन. ती रात्री फोन करते, तो उचलत नाही. ती पुन्हा करते. पाचव्यांदा तो उचलतो तेव्हा दोघंही तापलेले असतात.

'तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं,' ती म्हणते.

'दिवसभर मशीनवर उभं राहून यायचं आणि परत घरची गाऱ्हाणीच ऐकायची का?' तो म्हणतो.

बैठक इथं निकाल देईल : त्यानं फोन उचलावा, तिनं सारखा करू नये. निकाल बरोबरच आहे, फक्त तो आठवडाभरही टिकत नाही.

थेरपिस्ट निकाल देत नाही. पहिल्या भेटीत तो किंवा ती दोघांना एकत्र भेटते. त्यानंतर बहुतेकदा दोघांना एकेकदा वेगवेगळं भेटते. यामागे ठोस कारण आहे. मारहाण होते का, कोणाला कोणाची भीती वाटते का, दुसरं नातं आहे का, मनात जीव देण्याचे विचार येतात का, या प्रश्नांची खरी उत्तरं जोडीदारासमोर मिळत नाहीत.

मग ती त्या फोनकडेच परत येते, पण प्रश्न वेगळा विचारते. 'मोबाइल वाजला, स्क्रीनवर बायकोचं नाव दिसलं. त्या क्षणी पोटात काय होतं?' सुरुवातीला तो 'काही नाही' म्हणतो. दोन-तीन भेटींनंतर कधीतरी उत्तर येतं : घरून फोन आला की पैसे लागणार असतील असं वाटतं, आणि या महिन्यात माझ्याकडे नाहीत हे सांगायची लाज वाटते. तिला विचारलं की ती सांगते, फोन उचलला नाही की मी या घरात कोणासाठी राहते आहे, असं वाटतं.

लग्नाला सहा वर्षं झालेली असतात आणि ही दोन वाक्यं दोघांनी एकमेकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलेली असतात.

यात्रेतल्या कार्यक्रमात माईक स्पीकरच्या समोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. आवाज स्पीकरमधून माईकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत मोठा होत जातो. इंजिनीअर याला फीडबॅक लूप म्हणतात. दोष माईकचा नसतो आणि स्पीकरचाही नसतो, मांडणीचा असतो. जोडप्यांच्या भांडणाचंही बरंचसं असंच असतं. तो गप्प राहतो म्हणून ती मागे लागते, आणि ती मागे लागते म्हणून तो आणखी गप्प होतो. 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न इथं निरुपयोगी ठरतो. थेरपीत जोडप्याला आधी ही फेरी दाखवली जाते. मग एकमेकांना आरोपी न मानता, दोघं मिळून त्या फेरीकडे बघायला शिकतात.

त्यानंतर घरी करायच्या छोट्या गोष्टी ठरतात. बोलायची वेळ ठरवायची, पंधरा मिनिटं, आणि पहिली दहा मिनिटं हिशेबाची गोष्ट काढायची नाही. थकलेला असेल तर त्यानं फोन टाळायचा नाही, 'आज नको, उद्या सकाळी सातला करतो' असं सांगायचं आणि सातला करायचाच. ऐकायला हे पोरकट वाटतं. पण तुटलेला विश्वास मोठ्या शपथांनी क्वचितच परत येतो, सातचा फोन सातला आल्यानं तो हळूहळू येतो.

एक भेट साधारण ५० ते ६० मिनिटांची असते. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा. दोन भेटींत चमत्कार होत नाही, बहुतेक जोडप्यांना काही महिने द्यावे लागतात.

खुर्च्या दोन, माणसं सहा

या थेरपीच्या बहुतेक पद्धती अमेरिका-कॅनडात घडल्या. तिथं जोडपं म्हणजे दोन माणसं. इकडं खोलीत खुर्च्या दोनच असल्या तरी सासू, सासरे, नणंद, भावजय हे सगळे अदृश्यपणे हजर असतात. नवरा चाकणला आणि बायको गावी असेल तर तिचा रोजचा संसार नवऱ्याशी कमी आणि सासूशी जास्त असतो. म्हणून इथल्या अनुभवी समुपदेशकांना 'वेगळे राहा' हा सोपा सल्ला देऊन चालत नाही. जमीन एकत्र असते, पोराला सांभाळायला आजी लागते. बायकोची अडचण स्वतःच्या आईपुढे मुलानं मांडायची, ती बायकोवर सोडायची नाही, एवढा एक बदलही अनेक घरांत मोठा ठरतो. गरज पडली तर सासूलाही एखाद्या भेटीला बोलावलं जातं.

लैंगिक अडचणींचा विषय तर सर्वांत शेवटी, दाराच्या कडीला हात लावता लावता निघतो. वास्तविक मराठी समाजाला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना उत्तरं दिली. त्यासाठी त्यांना खटलेही सोसावे लागले. शंभर वर्षं होत आली, पण नवरा-बायकोनं हे एकमेकांशी बोलावं कसं, हे अजूनही कोणी शिकवत नाही.

याचा उपयोग होतो, हे कशावरून?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात एक प्रयोगशाळा उभी केली. तिथं जोडप्यांना बोलायला बसवून त्यांचे हृदयाचे ठोके, घाम, चेहऱ्यावरचे भाव नोंदवले गेले. त्यांच्या मते चार सवयी नात्याला पोखरतात : माणसावरच टीका करणं, तुच्छतेनं बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि मौनाची भिंत उभी करणं. त्यातली तुच्छता सर्वांत घातक. 'तुझ्या बापानं काय शिकवलंय' हे वाक्य या यादीत कुठं बसतं, ते वेगळं सांगायला नको.

त्यांचा आणखी एक निष्कर्ष अनेकांना दिलासा देणारा आहे. जोडप्यांमधले सुमारे ६९ टक्के वाद कधीच पूर्ण सुटत नाहीत. सुखी जोडप्यांचेही नाही. स्वभाव, पैसा, नातेवाईक यांवरून खटके उडतच राहतात. फरक पडतो तो त्यावर बोलण्याच्या पद्धतीत. डोकं तापलेलं असताना भांडण ताणायचं नाही, किमान २० मिनिटं थांबायचं, हा त्यांचा सल्ला शरीरशास्त्रावर आधारलेला आहे. ठोके वाढलेले असताना समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरतच नाही.

कॅनडातील सू जॉन्सन यांनी १९८० च्या दशकात लेस्ली ग्रीनबर्ग यांच्यासोबत भावनाकेंद्री थेरपी विकसित केली. तिचा गाभा असा की रागाच्या खाली बहुतेकदा भीती असते. 'तुझ्यासाठी मी महत्त्वाचा आहे ना?' ही ती भीती. वरच्या उदाहरणातला पोटाचा प्रश्न याच पद्धतीतला.

यशाबद्दल मात्र जाहिराती सांगतात तितकं गुलाबी चित्र नाही. अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन आणि नील जेकबसन या संशोधकांनी नातं गंभीर वळणावर आलेली १३४ जोडपी निवडली आणि उपचारानंतर पाच वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी जवळपास निम्म्या जोडप्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकून होती. सुमारे एक चतुर्थांश जोडपी वेगळी झाली होती. मोडायला आलेल्या संसारांपैकी निम्मे सावरणं, हे लहान यश नाही. आणि थेरपीचं काम प्रत्येक लग्न वाचवणं हे नाहीच. वेगळं व्हायचं ठरलं तर मुलांना मध्ये न ओढता, एकमेकांच्या चारित्र्यावर चिखल न फेकता वेगळं होता येणं, हाही तिचाच भाग.

नात्याला नेहमी भांडणच लागतं असंही नाही. दुःखानंही माणसं तुटतात. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा जीव गेला. वाचलेल्यांपैकी अनेकांनी एका सकाळीत सगळं घर गमावलं. अशा आघातानंतर एकाला सतत बोलायचं असतं, दुसऱ्याला फक्त कामात बुडून जायचं असतं. बोलणाऱ्याला वाटतं समोरच्याला काही वाटतच नाही. गप्प राहणाऱ्याला वाटतं समोरचा जखम भरूच देत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःखातून जाताना माणूस या दोन्ही टोकांमध्ये ये-जा करतो, आणि ती ये-जा निरोगी असते. मूल गमावलेल्या आई-वडिलांना एवढं कळलं तरी एकमेकांवरचा राग निवळू शकतो.

मारहाण होत असेल तर?

इथं थांबून नीट वाचावं. मारहाण, धमक्या, कोंडून ठेवणं, जिवाची भीती असेल तर दोघांना एकत्र बसवणारी थेरपी योग्य नाही, ती धोकादायक ठरू शकते. खोलीत बायको जे खरं बोलते त्याची शिक्षा तिला घरी गेल्यावर मिळू शकते. फीडबॅक लूपचा तर्कही इथं लागू होत नाही. मारणं हा एकाचा निर्णय असतो, दोघांची 'मांडणी' नसते.

प्रश्न छोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं.

कायद्याची भूमिका इथं स्पष्ट आहे, फक्त ती बैठकीपर्यंत पोहोचलेली नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण त्याच्या नियमांत एक महत्त्वाची अट आहे : अशा समुपदेशनात नवऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन करता येत नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगावं लागतं. म्हणजे 'ती उलट बोलली म्हणून हात उचलला' हे वाक्य तिथं ऐकूनच घेतलं जात नाही. गावच्या बैठकीत बहुतेकदा याच वाक्यापासून सुरुवात होते.

अशा वेळी तातडीनं ११२, महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, पोलीस ठाणं किंवा संरक्षण अधिकारी हा मार्ग आधी. संरक्षण अधिकाऱ्यांचा संपर्क एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या तालुका कार्यालयात मिळू शकतो, अंगणवाडी सेविकेलाही विचारता येतं. मोफत वकील मिळणं हा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन.

आणि दारू?

गावात संसार मोडण्याच्या कारणांत दारू नाही अशी यादी सापडणं कठीण. इथं क्रम महत्त्वाचा. व्यसन चालू असताना फक्त 'संवाद सुधारा' म्हणून भागत नाही, व्यसनावर उपचार सोबत लागतात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'नं हे फार आधी ओळखलं. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालतो. नवरा दारू सोडेल तेव्हा सोडेल, तोपर्यंत बायकोनं स्वतःला दोष देणं थांबवावं, हे तिथं बायकाच बायकांना सांगतात.

यासाठी मोठी पदवी असलेलाच माणूस हवा, असंही नाही. गोव्यात 'संगात' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या भेटींत बोलणं केलं. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

पुणे जिल्ह्यातलंही उदाहरण आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतील एमोरी विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या वस्त्यांमधल्या नवविवाहित जोडप्यांसाठी 'घ्या भरारी एकत्र' हा सहा सत्रांचा उपक्रम तयार केला. नवरा-बायको दोघंही येतात, छोट्या गटात बसतात, आणि त्यांच्यासारख्याच वस्तीतली प्रशिक्षित माणसं ते सत्र घेतात. बोलणं, भांडण मिटवणं, लैंगिक आरोग्य, हिंसा म्हणजे काय, हे सगळं त्यात येतं. प्रयोग लहान होता. पण मुलगी माहेरी यायच्या आधी, लग्नाच्या पहिल्या वर्षातच बोलायला शिकवायचं, ही कल्पना तालुक्याच्या गावांत राबवायला फार खर्चाची नाही. भोसरी याच पुणे-नाशिक रस्त्यावर आहे.

जुन्नर-आंबेगावमधून जायचं कुठं?

खरी अडचण ही आहे. जोडप्यांसोबत काम करणारे प्रशिक्षित थेरपिस्ट प्रामुख्यानं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. दर आठवड्याला दोघांनी जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि 'कुठं निघालात?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

फोनवरून सुरुवात करणं त्यामुळे सोपं. केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती जोडप्यांची थेरपी नाही, पण घरच्या ताणामुळे झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर पहिला दरवाजा म्हणून तिचा उपयोग होतो आणि पुढे कुठं जायचं हे कळतं. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य सेवेची चौकशी करता येते. अनेकदा 'भांडखोर' म्हटलं जाणारं माणूस प्रत्यक्षात नैराश्यानं आजारी असतं. तो आजार बरा झाला की निम्मं भांडण आपोआप कमी होतं.

पोलिसांकडची सोय कमी लोकांना माहीत असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी १९८४ मध्ये महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. पोलीस आवारातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि गुन्हा नोंदवण्याआधी किंवा नोंदवल्यानंतरही मदत करतात. प्रकरण कोर्टात गेलेलं असेल तर तिथंही समेटाचा प्रयत्न होतो. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ नुसार कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. पण अशी न्यायालयं दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठीच बंधनकारक आहेत. जुन्नर, घोडेगावच्या न्यायालयांत समुपदेशकाची जागा मध्यस्थी घेते. मध्यस्थी उपयोगाची असते, मात्र तिचा रोख पुन्हा तडजोडीवर असतो.

व्हिडिओ कॉलवरच्या सत्रांनी अंतर कमी केलं आहे. नवरा चाकणहून आणि बायको गावातून, असे दोघं एकाच कॉलवर येऊ शकतात. यात अडचण इंटरनेटपेक्षा खोलीची असते. दोन खोल्यांच्या घरात तासभर कोणी ऐकणार नाही अशी जागा कुठून आणायची? काही जण गाडीत बसून बोलतात, काही शेतातल्या मोटारीच्या खोलीतून. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात आधी रेंजच शोधावी लागते.

फसवणुकीपासूनही जपायला हवं. इन्स्टाग्रामवर 'रिलेशनशिप कोच' उदंड आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. समुपदेशक मानसशास्त्र किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आहे का, जोडप्यांसोबत कामाचं वेगळं प्रशिक्षण आहे का, हे फोनवरच विचारावं. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे जाऊ नये. पत्रिका बघून किंवा सात दिवसांत वशीकरणाची हमी देणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी.

नवरा यायलाच तयार नसेल तर?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर असं की एकट्यानंही सुरुवात करता येते. फेरी दोघांमुळे फिरत असेल तर एकानं आपलं पाऊल बदललं तरी ती आधीसारखी फिरत नाही. पुरुष न येण्यामागे बहुतेकदा एकच धास्ती असते : तिथं दोन बायका मिळून मला दोषी ठरवतील. म्हणून 'तुम्हाला उपचारांची गरज आहे' असं म्हणून कोणाला नेता येत नाही. 'मला एकटीला जमत नाहीये, एकदा सोबत या, नाही पटलं तर परत नाही जायचं' असं म्हटलं तर शक्यता वाढते. पुरुषांनीही बायकोला याच शब्दांत विचारायला हरकत नाही.

पहिल्या फोनवर फार काही सांगावं लागत नाही. नाव, वय, लग्नाला किती वर्षं झाली, सध्या एकत्र राहता की वेगळे, घरात मारहाण किंवा व्यसन आहे का, आणि बोलायला सुरक्षित वेळ कोणती. आपणही तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : फी किती आणि सवलत मिळते का, मी एकटं सांगितलेलं जोडीदाराला सांगणार का, आणि भेट चुकली तर काय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक थेरपिस्टचं वेगळं असतं. काही जण वेगळ्या भेटीतलं गुपित ठेवतात, काही जण सुरुवातीलाच सांगतात की नात्यावर परिणाम करणारं गुपित ते ठेवणार नाहीत. बोलायला सुरुवात करण्याआधी ते माहीत असलेलं बरं.